मुलाला तापाच्या औषधाचे वावडे आहे, हे ठरवायचे कसे?

डिचोलीहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाला श्रावणात ताप आला. फार्मसीतून आणलेले, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेले सिरप दिल्यावर तासाभरात त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या पापण्या सुजल्या, ओठ जाड झाला आणि पाठीवर पित्ताच्या गांध्या उठल्या. श्वासाला त्रास झाला नाही, आणि जवळच्या दवाखान्यात औषध दिल्यावर रात्रीपर्यंत सूज उतरली. त्या दिवसापासून मुलाच्या फाईलवर ‘सर्व वेदनाशामकांची अ‍ॅलर्जी’ असे लिहिलेले आहे, आणि ताप आला की घरात फक्त ओल्या फडक्याने अंग पुसण्याचा उपाय उरला आहे. एका प्रयोगशाळेने रक्ताची मोठी अ‍ॅलर्जी तपासणी सुचवली आहे. ती करावी का, मुलाला नेमके कशाचे वावडे आहे आणि ते जन्मभर राहील का, असे त्या विचारतात.

आधी सरळ उत्तर देतो. ती रक्ततपासणी करू नये, कारण या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही. फाईलवरचा शेरा आज खोडून टाकू नये, पण तो अंतिम मानू नये. तो फार ढोबळ आहे आणि बहुधा अर्धाच खरा आहे. मुलाला कोणते औषध चालते आणि कोणते नाही, हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे: त्या दिवसाची हकीकत बारकाईने लिहून काढणे आणि मग मूल पूर्ण बरे असताना, रुग्णालयात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर ते औषध थोडे थोडे देऊन पाहणे. घरी हा प्रयोग कोणीही करू नये, ‘थेंबभर देऊन बघू’ म्हणूनसुद्धा.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्यावी लागते. तापाचे औषध आपण ताप असतानाच देतो, आणि मुलांचे बहुतेक ताप विषाणूंमुळे येतात. विषाणूंचा संसर्ग हेच लहान मुलांच्या अंगावर पित्त उठण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. म्हणजे गांध्या तापामुळे उठल्या की तापाच्या औषधामुळे, हे त्या दिवशी नुसते बघून कोणालाच सांगता येत नाही. शंका आलेल्या मुलांना पुढे देखरेखीखाली तेच औषध दिले तर त्यांच्यापैकी बहुसंख्य मुलांना काहीही होत नाही, हे ठिकठिकाणच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. तिसरीही एक शक्यता असते: केवळ ताप आला तर काही होत नाही, केवळ औषध दिले तरी काही होत नाही, पण दोन्ही एकत्र आले की अंग फुलते. अशा वेळी औषध हे मूळ कारण नसून कारणाला जोर देणारे असते. तरीही तुमच्या मुलाच्या बाबतीत पापण्यांची सूज आहे, आणि ती मला सोडून देता येत नाही. आयबुप्रोफेनसारख्या औषधांची खरी प्रतिक्रिया लहान मुलांत बहुतेक वेळा चेहऱ्यावर, त्यातही डोळ्यांभोवती दिसते.

असे का होते, हे समजले तर पुढची तपासणी समजणे सोपे जाते. शरीरातल्या अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड नावाच्या एका पदार्थापासून दोन प्रकारची रसायने तयार होतात. एका वाटेने प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, ज्यांमुळे ताप चढतो आणि दुखते. दुसऱ्या वाटेने ल्युकोट्राइन तयार होतात, ज्यांमुळे सूज येते आणि श्वासनलिका आवळतात. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन ही सगळी औषधे कॉक्स-1 नावाचे विकर अडवून पहिली वाट बंद करतात. कुळागरात एका पाटाच्या तोंडाला माती लावली की पाणी दुसऱ्या पाटाने जोरात वाहू लागते, तसे काही मुलांत ल्युकोट्राइनचे प्रमाण एकदम वाढते. शिवाय पहिल्या वाटेवरचे काही प्रोस्टाग्लँडिन सूज आणणाऱ्या पेशींना आवर घालण्याचे काम करत असतात. तो आवरही सुटतो. ही खऱ्या अर्थाने अ‍ॅलर्जी नव्हे, कारण यात प्रतिकारशक्तीने त्या औषधाला शत्रू म्हणून ओळखलेले नसते. म्हणूनच रक्तात शोधण्यासारखी प्रतिपिंडेही नसतात.

या प्रकारात औषधाचे नाव गौण असते आणि त्याचा कॉक्स-1 अडवण्याचा जोर महत्त्वाचा असतो. अशा मुलाला आयबुप्रोफेन चालत नसेल तर मेफेनॅमिक अ‍ॅसिडही चालणार नाही, कारण रासायनिक घराणे वेगळे असले तरी काम तेच आहे. पॅरासिटामॉल मात्र कॉक्स-1 ला फार कमी अडवते, त्यामुळे यांतल्या बहुतेक मुलांना ते योग्य मात्रेत चालते. काही थोड्या मुलांना, विशेषतः अगदी लहान वयात आणि जास्त मात्रेत, पॅरासिटामॉलनेही सूज येते. ती शक्यता नाकारता येत नाही. दुसरा प्रकार अगदी वेगळा असतो. त्यात प्रतिकारशक्ती एकाच औषधाला, किंवा त्याच्या जवळच्या रासायनिक नातलगांना, ओळखून बसलेली असते आणि बाकीची वेदनाशामके निर्धास्तपणे चालतात. ‘सर्व वेदनाशामकांची अ‍ॅलर्जी’ या शेऱ्यात हे दोन्ही प्रकार एकाच पोत्यात भरले जातात, आणि उद्या हात मोडला किंवा शस्त्रक्रिया झाली तर त्या मुलाला दुखणे सोसत पडून राहावे लागते. मला या शेऱ्याची खरी काळजी वाटते ती यासाठी.

आता हकीकतीकडे वळतो, कारण निदानाचा मोठा भाग तिथेच होतो. कागद-पेन घेऊन त्या दिवसाचे घड्याळ लावल्यासारखे सगळे लिहून काढावे. औषध किती वाजता दिले, किती मिली दिले आणि पहिली गांध किंवा सूज किती वाजता दिसली, हे पहिले. प्रतिकारशक्तीने ओळखलेल्या औषधाची प्रतिक्रिया बहुधा तासाभरात येते. कॉक्स-1 अडल्यामुळे येणारी सूज एक-दोन तासांनी, कधी पाच-सहा तासांनीही येऊ शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलेल्या पुरळाचा अर्थ वेगळा असतो. मग त्याच दिवशी आणखी कोणती औषधे दिली होती, हे आठवावे. तापासाठी दिलेल्या सिरपबरोबर अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखे प्रतिजैविक सुरू केलेले असते, सर्दीचे सिरपही असते, आणि खापर मात्र सर्वांत शेवटी पाजलेल्या बाटलीवर फुटते. बाटली जपून ठेवली असेल तर ती घेऊन यावे. नसेल तर फार्मसीचे बिल आणावे. बाजारी नावावरून घोटाळा होतो. ‘तापाचे गुलाबी औषध’ एवढ्यावरून त्यात नुसते पॅरासिटामॉल होते, मेफेनॅमिक अ‍ॅसिड होते की दोन औषधांचे मिश्रण होते, हे कळत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या मिश्र सिरपात 5 मिलीत 100 मिलीग्रॅम आयबुप्रोफेन आणि 162.5 मिलीग्रॅम पॅरासिटामॉल असते, म्हणजे एका चमच्यात दोन संशयित असतात.

खाण्याचाही हिशेब द्यावा. सुंगटे, कुर्ल्या, तिसऱ्यो यांचे वावडे असलेल्या मुलाने ते खाल्ले आणि नेमके त्याच वेळी तापाचे सिरप घेतले, तर प्रतिक्रिया अधिक जोराची होते, कारण ही औषधे अन्नाच्या अ‍ॅलर्जीलाही खतपाणी घालतात. तुमच्या घरी श्रावण पाळला जात असेल तर मासळीचा संशय आपोआप दूर होतो, आणि ही माहिती माझ्या दृष्टीने एखाद्या रक्ततपासणीइतकी मोलाची आहे. मात्र श्रावणातला दमटपणा विसरून चालणार नाही. आपल्या हवेत घरातल्या गाद्या-उशांत धुळीतले सूक्ष्म किडे वर्षभर असतात, आणि या किड्यांची अ‍ॅलर्जी असलेल्या, म्हणजे सतत शिंकणाऱ्या, नाक चोळणाऱ्या किंवा दमा असलेल्या मुलांत वेदनाशामकांमुळे डोळे सुजण्याचा प्रकार जास्त दिसतो. उष्ण, दमट प्रदेशांत आणखी एक प्रकार नोंदलेला आहे: बरेच दिवस उघड्यावर राहिलेल्या पिठात हे किडे वाढतात, त्या पिठाचा पदार्थ खाल्ल्यावर प्रतिक्रिया येते, आणि अशा रुग्णांपैकी पुष्कळांना वेदनाशामकेही सोसत नाहीत. तेव्हा त्या दिवशी मैद्याचे किंवा बेसनाचे काही करून दिले होते का, ते पीठ किती जुने होते, हेही मी विचारतो. पावसाळ्यात पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात भरून शीतकपाटात ठेवणे एवढा साधा उपाय त्यावर आहे.

सूज नेमकी कशी होती, हेही महत्त्वाचे आहे. दोन्ही पापण्या सुजल्या, खाज होती आणि काही तासांत उतरली, तर ती प्रतिक्रियेची सूज वाटते. एकच डोळा सुजला असेल तर डास किंवा मुंगी चावली होती का, हे पाहावे; एकच डोळा लाल, दुखरा आणि ताप चढलेला असेल तर तो डोळ्याभोवतीचा जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. सूज रोज सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी होत असेल, खाज नसेल, तर लघवीत प्रथिने जातात का, हे तपासावे लागते, कारण मूत्रपिंडाच्या आजाराची सुरुवात अशीच होते आणि ती अ‍ॅलर्जी समजून आठवडेच्या आठवडे वाया जातात. त्या दिवशी मोबाईलवर फोटो काढला असेल तर तो पुसू नका. डॉक्टरपर्यंत पोहोचेस्तोवर गांध्या मावळलेल्या असतात, आणि चांगल्या उजेडातला एक फोटो पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

सर्वांत मोलाचा प्रश्न मात्र पालकांना फारसा कोणी विचारत नाही: हेच औषध त्यापूर्वी किंवा त्यानंतर दिले होते का, आणि तेव्हा काय झाले? घटनेनंतर मामाच्या घरी कोणीतरी नकळत नुसते पॅरासिटामॉल पाजले आणि मूल ठणठणीत राहिले, असे कळले तर अर्धा प्रश्न सुटतो. पूर्वी, म्हणजे लसीनंतर तान्हेपणी दिलेले पॅरासिटामॉलचे थेंब चालले होते, एवढ्यावर आज ते चालेलच असे म्हणता येत नाही. पण घटनेनंतर चाललेले औषध हा भक्कम पुरावा असतो. तसेच दोन वेगळ्या घराण्यांच्या औषधांनी, समजा एकदा आयबुप्रोफेनने आणि एकदा मेफेनॅमिक अ‍ॅसिडने, सारखीच सूज आली असेल, तर पहिल्या, म्हणजे कॉक्स-1 च्या, प्रकाराचे निदान हकीकतीवरूनच जवळजवळ पक्के होते.

प्रयोगशाळांच्या तपासणीबद्दल आता दोन शब्द. शेकडो पदार्थांची नावे छापलेल्या त्या अहवालात आयबुप्रोफेनची किंवा पॅरासिटामॉलची भरवशाची चाचणी नसते, कारण तशी रक्तचाचणी अजून उपलब्धच नाही. एकूण आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंडे, वाढलेला दिसला तरी त्यातून औषधाविषयी काही कळत नाही; जंत, इसब, दमा यांनीही तो वाढतो. मग अहवालातल्या दहा-बारा ठळक आकड्यांकडे पाहून मुलाचे दूध, अंडी, शेंगदाणे बंद होतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. त्वचेवर टोचून करायची चाचणी धुळीतल्या किड्यांसाठी किंवा सुंगटांसाठी उपयोगी आहे, पण कॉक्स-1 च्या वाटेने येणाऱ्या प्रतिक्रियेसाठी ती निरुपयोगी आहे. रक्तातल्या ट्रिप्टेज या पदार्थाची तपासणी एका ठराविक वेळीच कामाची असते. प्रतिक्रिया सुरू झाल्यापासून साधारण एक ते चार तासांत रक्त घेतले आणि मूल बरे झाल्यावर पुन्हा घेतले, तर दोन आकड्यांतला फरक ती प्रतिक्रिया गंभीर अ‍ॅलर्जीची होती का, हे सांगायला मदत करतो. महिन्यांनंतर एकदाच घेऊन तो कळत नाही.

तेव्हा उरते ती औषध देऊन पाहण्याची चाचणी, जिला आम्ही चॅलेंज टेस्ट म्हणतो. ती घाईने करायची नसते. प्रतिक्रियेनंतर किमान चार-सहा आठवडे जाऊ द्यावेत. चाचणीच्या दिवशी मुलाला ताप, सर्दी, जुलाब नसावेत. दमा असेल तर तो पूर्ण आटोक्यात असावा. सेटिरिझिनसारखी अ‍ॅलर्जीविरोधी औषधे साधारण आठवडाभर आधी बंद करावी लागतात, आणि इथे एक फसगत होते: सर्दीच्या बहुतेक सिरपांत त्याच जातीचे औषध असते, ते पालकांच्या लक्षात येत नाही आणि चाचणी खोटी ‘ठीक’ येते. माझे स्वतःचे मत असे आहे की आपल्याकडे ही चाचणी पावसाळ्यात ठेवू नये. जून ते सप्टेंबर मूल एका तापातून उठते न उठते तोच दुसऱ्या तापात पडते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस त्यासाठी बरे.

जागा निवडताना एकच निकष लावावा: लहान मुलांची गंभीर प्रतिक्रिया सांभाळण्याची तयारी तिथे खाटेशेजारी आहे का. आपल्याकडे चौकशीची सुरुवात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात करावी, किंवा आपल्या बालरोगतज्ज्ञांना अ‍ॅलर्जीचे काम करणाऱ्या डॉक्टरांकडे पत्र देण्यास सांगावे.

चाचणीचा दिवस प्रत्यक्ष कसा असतो, ते सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. समजा मूल 20 किलोचे आहे आणि पॅरासिटामॉलची चाचणी आहे. वजनाला किलोमागे 15 मिलीग्रॅम या हिशेबाने पूर्ण मात्रा 300 मिलीग्रॅम होते; 5 मिलीत 250 मिलीग्रॅम असलेल्या सिरपाची ती 6 मिली भरते. सकाळी हलका नाश्ता झालेला असतो. आधी नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन मोजतात, छाती ऐकतात, अंगावर आधीपासूनचे काही डाग असतील तर लिहून ठेवतात, आणि वजनावरून मोजलेले अ‍ॅड्रेनालिन आधीच सिरिंजमध्ये किंवा हाताशी तयार ठेवतात. पहिल्यांदा फक्त 0.6 मिली देतात. मूल खेळते, चित्रे रंगवते. परिचारिका ठराविक वेळाने पापण्या, ओठ, पोट, पाठ पाहून जाते. अर्ध्या-एक तासाने काही नसेल तर 1.5 मिली, आणि तितक्याच वेळाने उरलेले 3.9 मिली देतात. शेवटच्या मात्रेनंतर किमान दोन तास, आधीची प्रतिक्रिया उशिरा आली असेल तर त्याहून जास्त वेळ, बसवून ठेवतात. आईने सोबत बसायचे असते आणि ‘आज याचा चेहरा वेगळा दिसतो’ असे वाटले तर लगेच सांगायचे असते. मुलाचा रोजचा चेहरा आमच्यापेक्षा आईला जास्त ठाऊक असतो. मूल एकाएकी चिडचिडे झाले, खेळ सोडून मांडीवर येऊन पडले, कान-नाक चोळू लागले, तर गांध दिसण्याची वाट न पाहता पुढची मात्रा थांबवतात. पूर्वीची प्रतिक्रिया जोराची असेल तर सुरुवात याहूनही लहान मात्रेने करतात. हे सगळे आकडे चाचणी कशी चालते ते कळावे म्हणून दिले आहेत. घरी करून पाहण्यासाठी ते अजिबात नाहीत.

तुमच्या मुलासाठी मी आधी नुसत्या पॅरासिटामॉलची चाचणी ठेवीन आणि ते सोसले तर काही दिवसांच्या अंतराने आयबुप्रोफेनची. क्रम असा, कारण मुलाला उद्या लागणारे औषध पॅरासिटामॉल आहे. ते निर्धोक ठरले की घरची निम्मी चिंता मिटते. आयबुप्रोफेनही चालले, तर त्या दिवशीच्या गांध्या तापाच्या होत्या किंवा ताप आणि औषध यांच्या एकत्र येण्याच्या होत्या, असे समजावे, आणि शेरा खोडून टाकावा. आयबुप्रोफेनने पुन्हा सूज आली, तर ते एकट्या आयबुप्रोफेनचे वावडे आहे की त्या सगळ्या गटाचे, हा प्रश्न येतो. त्याचे शास्त्रीय उत्तर अ‍ॅस्पिरिनसारखे वेगळ्या घराण्यातले, कॉक्स-1 जोरात अडवणारे औषध देऊन मिळते. पण विषाणूजन्य ताप किंवा कांजिण्या असताना अ‍ॅस्पिरिन दिल्यास मुलांना राय सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताचा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो, म्हणून ही पायरी फार विचारपूर्वकच घ्यावी लागते. पाच वर्षांच्या, एरवी निरोगी मुलाला पॅरासिटामॉल चालत असेल तर मी ती पायरी तूर्त टाळतो. गटातली बाकीची औषधे बंद ठेवून काही वर्षांनी पुन्हा पाहणे मला जास्त योग्य वाटते. ज्या मुलाला सांधेदुखीसारख्या आजारामुळे ही औषधे रोज लागणार आहेत, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी तो धोका तोलून तपासावेच लागते. थोड्या मोठ्या वयाच्या मुलांसाठी एटोरिकॉक्सिबसारखी, कॉक्स-1 ला जवळजवळ हात न लावणारी औषधेही असतात. तीही पहिल्यांदा देखरेखीखालीच द्यावीत.

काही मुलांना मात्र ही चाचणी कधीही करायची नसते. औषधानंतर काही दिवसांनी तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड आले, कातडी सोलवटली, किंवा काही आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ, गाठी आणि यकृताला सूज असे एकत्र दिसले, तर ते औषध जन्मभरासाठी वर्ज्य. भारतीय औषधकोश आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये मेफेनॅमिक अ‍ॅसिडबाबत ड्रेस सिंड्रोमचा जो इशारा दिला, तो यांतल्या शेवटच्या, म्हणजे ताप, पुरळ, गाठी आणि यकृताची सूज एकत्र येण्याच्या प्रकाराविषयी होता. असे क्वचितच घडते. पण आपल्याकडे हे औषध तापासाठी किती सहज दिले जाते हे पाहता तो इशारा प्रत्येक घराला माहीत असावा असे मला वाटते. याउलट, औषध घेतले की दर वेळी त्याच जागी एक गोल, काळसर डाग उमटतो, हा प्रकार भयंकर नसतो. तिथे निदान डागाच्या इतिहासावरूनच होते, आणि गरज पडली तर त्याच जागी पॅच लावून खात्री करता येते.

चाचणीपर्यंतच्या काळात काय करायचे, हे तुमच्यासाठी सर्वांत निकडीचे आहे. पुढच्या तापाची वाट पाहत बसू नका. मूल बरे असतानाच आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन नुसत्या पॅरासिटामॉलची चाचणी लवकर करून घेण्याविषयी बोला. तोवर ताप आला तर कोमट पाण्याने पुसणे, हलके कपडे आणि भरपूर पातळ पेज-पाणी यांवर भागवता येते. ताप स्वतःहून मुलाचे नुकसान करत नाही, पण मूल निपचित पडले, पाणी पीत नसेल किंवा श्वास वेगात चालला असेल तर डॉक्टर गाठावेत. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड तूर्त पूर्ण बंद. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत ती औषधे, वावडे असो वा नसो, कोणत्याही गोमंतकीय घराने तापासाठी आपल्या मनाने देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगतो. डेंगीत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत हा ताप डेंगीचा आहे की साधा, हे दिसून येत नाही. सत्तरीत 2015 पासून दिसणाऱ्या माकडतापालाही तीच खबरदारी लागू आहे. डेंगीचा ताप उतरताना अंगावर लाल, खाजरे पुरळ येते. तेही अनेकदा औषधाच्या अ‍ॅलर्जीच्या नावावर जमा होते, म्हणून तापाचा कितवा दिवस होता, हे हकीकतीत लिहायला विसरू नका.

नकळत ते औषध पोटात गेले आणि सूज आली, तर साध्या गांध्यांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेले अ‍ॅलर्जीविरोधी औषध पुरते. पण आवाज घोगरा झाला, धाप लागली, सतत खोकला किंवा उलट्या सुरू झाल्या, मूल पांढरेफटक पडून गळून गेले, तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिस (म्हणजे जिवावर बेतणारी प्रतिक्रिया) समजून 108 ला फोन करावा आणि मुलाला आडवे ठेवावे. धाप असेल तर बसते ठेवावे, पण उभे करून चालवू नये. यावर खरे औषध अ‍ॅड्रेनालिन आहे, किलोमागे 0.01 मिलीग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ज्याला एकदा अशी गंभीर प्रतिक्रिया आली आहे, त्याच्या पालकांनी ते घरी ठेवण्याविषयी आणि देण्याचे शिक्षण घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. तुमच्या मुलाला श्वासाचा त्रास झाला नव्हता, ही चांगली बाब आहे. त्याला दमा असेल तर मात्र आधीच सांगा, कारण मग माझी सावधगिरी एक पायरी वर जाते.

फाईलवर काय लिहावे, हेही स्पष्ट सांगतो. आज ‘आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉल मिश्रणानंतर एका तासात पापण्यांची सूज व गांध्या, श्वासाचा त्रास नाही, चाचणी बाकी’ असे लिहून तारीख घालावी. चाचणीनंतर प्रत्येक औषधापुढे ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’ असे मूळ औषधाच्या नावाने लिहावे, बाजारी नावाने नव्हे. आयबुप्रोफेन चालत नाही असे ठरले तर टाळायच्या यादीत मेफेनॅमिक अ‍ॅसिड, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक आणि अ‍ॅस्पिरिन येतात. निमेसुलाइड 12 वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात 2011 पासून बंदच आहे, तरी मोठ्यांसाठी आणलेली गोळी अर्धी करून देण्याची सवय घरातून जावी. दातांच्या डॉक्टरांना, डोळ्यांच्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे, कारण केटोरोलॅक डोळ्यांच्या थेंबांतही असते. आजोबांच्या गुडघ्याचे डायक्लोफेनॅकचे मलम खेळताना पडलेल्या नातवाच्या पायाला चोळले जाऊ नये. शाळेत या सर्वांची एक प्रत द्यावी. आणि प्रतिक्रियेची नोंद भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर पालकांनाही करता येते. ती जरूर करावी.

हे जन्मभर राहील का, या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आशादायक आहे. लहानपणी कॉक्स-1 च्या वाटेने येणारी ही सूज पुष्कळ मुलांत वाढत्या वयाबरोबर कमी होते आणि पुढे ती औषधे चालू लागतात. म्हणून चाचणीत आयबुप्रोफेन चालले नाही, तरी काही वर्षांनी, शाळेतल्या मोठ्या वर्गात गेल्यावर, ती पुन्हा करून पाहावी. तोवर धुळीच्या किड्यांची अ‍ॅलर्जी किंवा दमा असेल तर त्यावर नीट उपचार सुरू ठेवावेत. गाद्या-उशांना उन्हे दाखवावीत, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. पहिल्या भेटीला येताना बाटली किंवा बिल, त्या दिवसाचा फोटो, वेळा लिहिलेला कागद आणि लसीकरणाचे कार्ड एवढे बरोबर आणावे.